फाजचा टायटर बॅचमागून बॅच पडतोय: दोष कुठे शोधायचा

फाज म्हणजे जीवाणूला लागणारा विषाणू, आणि टायटर म्हणजे मिलिलिटरमागे त्याचे किती जिवंत कण आहेत तो आकडा. हा टायटर पडण्याची तक्रार बहुतेक ठिकाणी एकाच साच्याची असते. सुरुवातीच्या फ्लास्कमध्ये मिलिलिटरला १०^११ च्या आसपास प्लाक (जीवाणूंच्या थरात एकेका फाजकणाने पाडलेले स्वच्छ ठिपके) मिळाले, पुढच्या बॅचला १०^१०, त्यापुढे १०^९. माध्यम तेच, तापमान तेच, फाज तोच. मग कोणीतरी म्हणतं की फाज ‘कमजोर’ झाला. फाज कमजोर होण्याची उदाहरणं आहेत आणि ती पुढे येतील, पण बहुतेक वेळा बदललेली असते ती जीवाणूची पेशी, आणि तीही संसर्गाच्या अर्ध्या तासात.

इथे उदाहरण म्हणून टी४ फाज आणि त्याचा यजमान, म्हणजे तो ज्यात वाढतो तो जीवाणू, ई. कोलाय बी घेतला आहे. या जोडीचे आकडे १९४० च्या दशकापासून इतक्या वेळा मोजले गेले आहेत की आपलं कुठे बिनसलं ते ताडून बघता येतं. एम१३ किंवा लॅम्डा हे दुसरे फाज वेगळं वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

शोधाशोध सुरू करण्याआधी एक गुणाकार करा. ओडी ६०० (६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेला कल्चरचा गढूळपणा) जेव्हा १ असतो तेव्हा ई. कोलायच्या मिलिलिटरला साधारण ८ × १०^८ पेशी असतात. म्हणजे ०.५ ओडीला ४ × १०^८. चांगल्या वाढीतली एक पेशी ३७ अंशांवर टी४ चे १०० ते २०० कण सोडते. १५० धरले तर ६ × १०^१० हे त्या क्षणी संसर्ग केलेल्या कल्चरचं कमाल उत्पादन झालं. तुमचा टायटर ४ × १०^१० असेल तर काहीही बिघडलेलं नाही, अपेक्षा जास्त आहे. २ × १०^९ असेल तर तीसपट कमी आहे, आणि ही घट तीनच जागी होऊ शकते: संसर्ग झालेल्या पेशी कमी, पेशीमागे निघालेले कण कमी, किंवा बाहेर आल्यावर कण वाया गेले.

आधी मोजणी बघा

टायटर पडलाय की मोजण्यात चूक आहे, हे ठरवल्याशिवाय फर्मेंटरला हात लावू नका. एखादा जुना, टायटर माहीत असलेला साठा ४ अंशांवर राखून ठेवा आणि प्रत्येक मोजणीला त्याच्याही प्लेट ओता. तोही तितकाच खाली दिसला तर दोष प्लेटमध्ये आहे.

नेहमी सापडणाऱ्या चुका अशा. वरचा अगर ५० अंशांच्या वर असताना त्यात पेशी घातल्या, त्या मेल्या, जीवाणूंची चादर विरळ आली आणि प्लाक दिसेनात. ०.५ ते ०.७ टक्के अगरच्या ३ ते ४ मिलीच्या नळ्या ४५ ते ४८ अंशांच्या ब्लॉकमध्ये ठेवा आणि ब्लॉकच्या पडद्यावरच्या आकड्यापेक्षा नळीत बुडवलेल्या थर्मामीटरवर विश्वास ठेवा. ताज्या ओल्या प्लेटवर प्लाक एकमेकांत वाहतात. पावसाळ्यात हे जास्त होतं, तेव्हा खालच्या प्लेट झाकण किलकिलं करून हूडमध्ये वीसेक मिनिटं सुकवून घ्या. दहा-दहापट पातळ करताना टिप बदलली नाही तर उलटी चूक होते: टायटर खोटाच जास्त येतो, आणि पुढच्या वेळी कोणी नीट टिप बदलून मोजलं की ‘टायटर पडला’ अशी बोंब होते. बऱ्याच ठिकाणची घसरण एवढीच असते.

पातळ करण्यासाठी डिस्टिल्ड पाणी वापरू नका. मॅग्नेशियम नसलेल्या पाण्यात कण टिकत नाहीत. शिवाय टी४ ला जास्त मिठाच्या द्रावणातून एकदम पाण्यात टाकलं तर परासरणाच्या धक्क्याने त्याचं डोकं फुटतं आणि डीएनए बाहेर पडतो. एसएम बफर वापरा: लिटरला ५.८ ग्रॅम मीठ, २ ग्रॅम सप्तजल मॅग्नेशियम सल्फेट, ७.५ पीएचचं १ मोलर ट्रिस ५० मिली, २ टक्के जिलेटिन ५ मिली. जिलेटिन शोभेसाठी नाही. प्रथिन नसलेल्या बफरमध्ये हलवाहलव केली की हवा आणि पाण्याच्या सीमेवर फाजकण निकामी होतात, हे मार्क अ‍ॅडम्स यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. व्होर्टेक्सवर मिनिटभर गरगर फिरवलेली, जिलेटिन नसलेली पातळ नळी म्हणजे हातानेच घालवलेला टायटर.

गणित एकदा लिहूनच ठेवलेलं बरं. १०^-८ पातळीच्या ०.१ मिलीमध्ये ८४ प्लाक आले तर ८४ भागिले (०.१ × १०^-८), म्हणजे ८.४ × १०^१०. ३० ते ३०० प्लाक असलेल्याच प्लेट धरा.

तीन नमुने काढा, मग बोला

मोजणी बरोबर निघाली तर पुढच्या बॅचला तीन नमुने घ्या. यात फार काम नाही, आणि यानंतर अंदाजाने पंधरा गोष्टी बदलत बसावं लागत नाही.

पहिला नमुना फाज घालण्याआधीचा: पेशींच्या जिवंत वसाहती मोजण्यासाठी. ओडीवर विसंबू नका. तास-दोन तास थांबलेल्या कल्चरचा ओडी तोच राहतो, पेशींची ताकद तीच राहत नाही. शिवाय स्पेक्ट्रो (ओडी मोजणारं यंत्र) ०.५ च्या पुढे सरळ रेषेत वाचत नाही. नमुना पातळ करून वाचा आणि गुणा.

दुसरा नमुना फाज घातल्यावर ८ ते १० मिनिटांनी. १ मिली काढा, त्यात क्लोरोफॉर्मचे थेंब टाका, हलवा, वरचं पाणी प्लेट करा. टी४ चे नवे कण पेशीत साधारण बाराव्या मिनिटापासून तयार होतात, त्यामुळे या वेळी मोजले जातात ते फक्त न चिकटलेले फाज. घातलेल्या फाजपैकी ९० टक्क्यांहून जास्त नाहीसे झाले असतील तर चिकटणं ठीक आहे.

तिसरा नमुना कापणीच्या वेळी, दोन भागांत: एक तसाच, दुसरा क्लोरोफॉर्म घालून. दुसऱ्याचा टायटर बराच जास्त निघाला तर कण तयार झालेत, पण पेशींत अडकलेत.

दुसऱ्या नमुन्यात फाज शिल्लक दिसला तर पुढचा भाग वाचा. तो ठीक आणि तिसरा कमी, तर पेशींच्या तब्येतीचा भाग वाचा. तिसऱ्याच्या दोन भागांत फरक, तर लायसिसचा, म्हणजे पेशी फुटण्याचा (‘गढूळपणा जातच नाही’).

फाज चिकटत नाही

चिकटण्याचा वेग पेशींच्या संख्येवर ठरतो. टी४ साठी स्थिरांक मिनिटाला सुमारे २.४ × १०^-९ मिली आहे. मिलिलिटरला १०^८ पेशी असल्या तर निम्मे फाज तीन मिनिटांत चिकटतात. १०^७ असल्या तर अर्धा तास लागतो, १०^६ ला जवळजवळ पाच तास. ‘लवकर घातलेला बरा’ म्हणून ०.०१ ओडीला फाज ओतणारे इथेच अडकतात.

पेशी पुरेशा असूनही चिकटत नसेल तर आयन तपासा. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम प्रत्येकी १ मिलिमोलर पुरतात, बऱ्याच फाजना कॅल्शियम ५ पर्यंत लागतं. १ मोलरची द्रावणं वेगळी ऑटोक्लेव्ह करा आणि माध्यम थंड झाल्यावर घाला. फॉस्फेट असलेल्या माध्यमात कॅल्शियम घालूनच ऑटोक्लेव्ह केलं तर तळाशी पांढरा गाळ बसतो. आयन त्या गाळात गेले, कल्चरला काही उरलं नाही. सायट्रेट असलेल्या माध्यमातही तेच, फक्त गाळ न दिसता.

अचानक उद्भवलेल्या बिघाडात आणखी एक जागा बघायची: पाणी. एलबी या नेहमीच्या पोषक माध्यमात आपण मॅग्नेशियम-कॅल्शियम घालत नाही. ट्रिप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पाणी यांतून जे येईल तेच. आरओचा नवा मेंब्रेन बसला किंवा ट्रिप्टोनचा लॉट बदलला की हे प्रमाण हलतं आणि ‘काहीच बदललं नाही’ असं सगळे शपथेवर सांगतात. आयन नेहमी मोजून घातले की हा प्रश्नच मिटतो.

टी४ चे सगळे प्रकार सारखे नाहीत. टी४बी ला चिकटण्यासाठी ट्रिप्टोफॅन लागतं. एलबीत ते आपोआप असतं, एम९ या मिनिमल माध्यमात (क्षार आणि साखर एवढंच) नसतं. टी४डी ला ते लागत नाही. एलबीतून मिनिमल माध्यमाकडे जाताना टायटर कोसळला तर लिटरला २० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन घालून बघा.

लॅम्डाचा ग्राहक (पेशीवरचं ज्या प्रथिनाला फाज चिकटतो ते) माल्टोजच्या वाहतुकीचा आहे. रात्रीच्या कल्चरला ०.२ टक्के माल्टोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम द्या, ग्लुकोज देऊ नका. ग्लुकोज असताना पेशी तो ग्राहक बनवतच नाही. एम१३ चा रस्ता एफ-पायलसमधून, म्हणजे पेशीवरच्या केसासारख्या धाग्यांतून, जातो. ३० अंशांवर वाढवलेल्या पेशींवर पायलस नसतात, संसर्गाआधी ३७ अंश हवेतच. एफ-प्लाझ्मिड (पायलसची जनुकं असलेलं डीएनएचं कडं) टिकवणारा दाब काढून घेतला (एक्सएल१-ब्लू साठी टेट्रासायक्लिन, जेएम१०९ साठी प्रोलिन नसलेली मिनिमल प्लेट) तर काही पिढ्यांत निम्म्या पेशी पायलसविना असतात. एम१३ ला संसर्गाच्या वेळी शेकर हळू करतात तो पायलस तुटू नयेत म्हणून. टी४ ला तसं करायचं कारण नाही. तिथे वेग कमी केला तर फक्त ऑक्सिजन कमी होतो.

पेशी थकलेल्या असतात

इथे सर्वांत जास्त बॅच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर.

फाज स्वतःची यंत्रणा फार कमी घेऊन येतो. रायबोसोम, ऊर्जा, न्यूक्लिओटाइडचा बराचसा कच्चा माल पेशीचा. वेगाने वाढणाऱ्या पेशीत रायबोसोम जास्त, म्हणून तिच्यातून कणही जास्त निघतात. वाढ मंदावली की अंतर्काळ (संसर्गापासून पेशी फुटेपर्यंतचा वेळ) लांबतो आणि कण कमी होतात. स्थिर अवस्थेतल्या पेशीला टी४ चिकटतो खरा, पण हाती फारसं लागत नाही.

एलबीबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे: ओडी १ पर्यंत पेशी जोमात असतात. प्रत्यक्षात एलबीत ई. कोलायची एकसारखी वाढ ०.३ ओडीच्या आसपासच संपते. या माध्यमात साखर जवळपास नसते. पेशी एकामागून एक अमिनो आम्लं खातात आणि प्रत्येक बदलाला वेग थोडा उतरतो. ०.३ ते ०.५ दरम्यान संसर्ग करा. त्याहून दाट पेशी हव्या असतील तर २ वायटी घ्या (लिटरला ट्रिप्टोन १६, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १०, मीठ ५ ग्रॅम), त्यात २० मिलिमोलर फॉस्फेट बफर आणि ०.२ टक्के ग्लुकोज घाला. अर्थात लॅम्डाला ग्लुकोज नाही, आणि फॉस्फेट असल्याने इथे कॅल्शियम १ मिलिमोलरच्या वर नाही. एलबीत लांब चाललेल्या कल्चरचा पीएच ८.५ च्या पुढे सरकतो; ग्लुकोज भरमसाट आणि हवा कमी असेल तर उलट अ‍ॅसिटिक आम्लाने ६ च्या खाली येतो. दोन्हीकडे कण कमी.

ऑक्सिजनचं गणित माणसांना खरं वाटत नाही. १ ओडीचं कल्चर तासाला लिटरमागे साधारण ४ ते ७ मिलिमोल ऑक्सिजन खातं. ३७ अंशांवर पाण्यात मावतो ०.२ मिलिमोल. म्हणजे शेकर थांबल्यावर दोन ते तीन मिनिटांत साठा शून्य. आता ओडी घेण्यासाठी फ्लास्क शेकरवरून काढला, स्पेक्ट्रोपाशी आधीच कोणीतरी बसलेलं, सात-आठ मिनिटांनी फ्लास्क परत गेला आणि लगेच फाज ओतला, असं झालं तर फाज गुदमरलेल्या पेशींवर पडतो. फ्लास्क शेकरवरच राहू द्या, १ मिली पिपेटने काढून न्या. वीज गेल्यावर यूपीएसवर इन्क्युबेटर चालतो आणि शेकर नाही, अशी जोडणी अनेक प्रयोगशाळांत असते, तीही तपासा.

फ्लास्कच्या क्षमतेच्या २० टक्क्यांहून जास्त भरू नका. २ लिटरच्या फ्लास्कमध्ये ४०० मिली, १८० ते २०० फेरे, शक्य असेल तर खाचांचा फ्लास्क. फ्लास्क वाचवण्यासाठी १ लिटर भरलेला दिसला की टायटर का पडला ते विचारायची गरजच उरत नाही.

रात्रीचं कल्चर १:१०० ने घाला. आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेल्या नळीतून सुरुवात केली तर बऱ्याच पेशी मेलेल्या असतात. मेलेल्या पेशींनाही फाज चिकटतो, आणि तो फाज गेला.

किती फाज घालायचा

पेशीमागे फाज किती, म्हणजे एमओआय, यावर वाद फार आणि आकडेमोड कमी. ४०० मिली, ०.४ ओडी, मिलिलिटरला ३.२ × १०^८ पेशी, दुप्पट होण्याचा काळ २० मिनिटं, फाजची एक फेरी २७ मिनिटं, पेशीमागे १५० कण, असं धरून बघा.

एमओआय ०.०५: पाच टक्के पेशी लागतात. २७ मिनिटांनी मूळ पेशीमागे साडेसात कण होतात. तोवर पेशी अडीचपट झालेल्या असतात, म्हणजे प्रत्येकीला तीन कण. दुसऱ्या फेरीत ९५ टक्के पेशी लागतात, आणि त्या अजून जोमात असतात. कमाल उत्पादन १०^११ च्या आसपास.

एमओआय ०.०००१: चोपन्न मिनिटांनी कल्चर २.५ ओडीकडे पोचलेलं असतं, एलबी थकलेलं, आणि कण पेशींपेक्षा अजून कमी. जिंकले जीवाणू. दुसऱ्या दिवशी गढूळ फ्लास्क आणि १०^९ चा टायटर मिळतो. साठ्याचा टायटर न मोजता ‘नेहमीसारखे १०० मायक्रोलिटर’ घालणाऱ्यांचं हेच होतं: साठा दर बॅचला पडतो, म्हणून एमओआय पडतो, म्हणून पुढचा साठा आणखी पडतो. बॅचमागून बॅच उतरत्या टायटरचं हे सर्वांत साधं स्पष्टीकरण आहे, आणि मिलीऐवजी प्लाकमध्ये फाज मोजून घातला की ते संपतं.

एमओआय ५: एकच फेरी, पेशींची पुढची वाढ बंद, उत्पादन ५ × १०^१० च्या आत, आणि त्यासाठी ६.४ × १०^११ कण खर्च. एकसाथ संसर्ग अभ्यासायचा असेल तर ठीक, उत्पादनाला उधळपट्टी. बरोबर १ ठेवला तरी ३७ टक्के पेशी पहिल्या फेरीत कोऱ्या राहतात, ही गोष्टही ध्यानात असू द्या.

म्हणून ०.०१ ते ०.१. वरच्या उदाहरणात ०.०५ साठी ६.४ × १०^९ कण लागतात, म्हणजे १०^१० च्या साठ्याचे ०.६४ मिली. साठा थंडगार घालू नका. इतक्याशा आकारमानाने फरक पडत नाही, पण फर्मेंटरमध्ये १५०-२०० मिली साठा ओतायचा असेल तर आधी ३७ अंशांवर आणा.

गढूळपणा जातच नाही

अर्धा तास झाला, तास झाला, फ्लास्क तसाच. निराश होऊन तो ब्लीचमध्ये ओतण्याआधी एक चाचणी करा: १ मिली काढा, काचेच्या नळीत क्लोरोफॉर्मचे चार-पाच थेंब टाकून हलवा, दहा मिनिटं थांबा. पाणी स्वच्छ आणि चिकट झालं तर पेशी फाजने भरलेल्या आहेत. आतलं लायसोझाइम तयार असतं, क्लोरोफॉर्म पडदा उघडतो आणि भिंत विरघळते. संसर्ग नसलेलं कल्चर असं स्वच्छ होत नाही.

टी४ मध्ये हे हमखास दिसतं. आधीच लागलेल्या पेशीवर काही मिनिटांनी दुसरा टी४ येऊन बसला तर पेशी फुटणं लांबवते आणि आत कण बनवत राहते. ऑगस्ट डोअरमन यांनी १९४८ मध्ये या लायसिस-रोधाचा नीट अभ्यास मांडला. उत्पादकाला ही पर्वणीच म्हणायची: हवा आणि अन्न चालू ठेवलं तर दोन-चार तासांत पेशीमागे नेहमीच्या कितीतरी पट कण जमतात. म्हणून जंगली, म्हणजे उत्परिवर्तन नसलेल्या, टी४ च्या कल्चरला स्वच्छ होण्याची वाट न बघता तीन तासांनी क्लोरोफॉर्म देणं हा शहाणपणा. लवकर फुटणारे ‘आर’ उत्परिवर्ती वापरत असाल तर कल्चर तासाभरात साफ होतं, पण पेशीमागचे कण कमी. तुमच्या प्लेटवर छोट्या, अस्पष्ट कडांच्या प्लाकमध्ये मोठे, धारदार कडांचे प्लाक वाढत चालले असतील, तर हे उत्परिवर्ती साठ्यात शिरले आहेत.

चाचणीत स्वच्छ झालं नाही, तर संसर्गच लागलेला नाही. चिकटण्याच्या भागाकडे परत जा, किंवा पेशी फाजरोधी झाल्या आहेत का ते बघा.

फर्मेंटरमध्ये

५ लिटरच्या पात्रात ३ लिटरच भरा; फेसाला जागा लागते. हवा मिनिटाला ३ लिटर, ढवळणी ४०० ते ६००, डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) ३० टक्क्यांच्या वर, पीएच ७.०. फाज घातल्यावर ढवळणी कमी करायचा मोह टाळा.

डीओची रेघ इथे स्पेक्ट्रोपेक्षा जास्त सांगते. पेशी फुटू लागल्या की श्वसन थांबतं आणि डीओ अचानक वर झेपावतो. लायसिस-रोधात रेघ खाली सपाट राहते. रेघ आधी वर गेली आणि दोन-तीन तासांनी पुन्हा उतरू लागली, तर रोधी पेशी वाढताहेत. तुम्ही कापणीला उशीर केलात.

लायसिसला फेस हमखास येतो, कारण पेशींतली सगळी प्रथिनं आणि डीएनए एकदम माध्यमात येतात. फेस वर चढला की बाहेर जाणाऱ्या हवेचा ०.२ मायक्रॉनचा फिल्टर भिजतो, दाब वाढतो, आणि फेसासोबत कणही निघून जातात. कंडेन्सर चालू ठेवा, अँटिफोम आधीच लिटरला ०.१ मिली घाला, लायसिसच्या तोंडावर थेंब-थेंब वाढवा. एकदम ओतलं तर हवेचे बुडबुडे एकत्र होतात आणि डीओ खाली बसतो.

पेशी दाट करून टायटर वाढवणं शक्य आहे, पण १० ओडीला ०.५ ओडीच्या वीसपट मिळेल असं धरू नका. ग्लुकोज थोडं-थोडं सोडून वाढीचा वेग टिकवला, मॅग्नेशियम वाढवलं आणि शुद्ध ऑक्सिजन मिसळला तरच पेशीमागचे कण टिकतात. सतत उत्पादन हवं असेल तर दोन पात्रं लागतात: पहिल्यात फक्त जीवाणू वाढतात, दुसऱ्यात संसर्ग होतो. एकाच पात्रात दोघांना दिवसेंदिवस ठेवलं की रोधी जीवाणू ते पात्र ताब्यात घेतात. दुसऱ्या पात्रातला मुक्काम अंतर्काळापेक्षा बराच जास्त हवा, नाहीतर पेशी न फुटताच वाहून जातात.

कापणीत गळती

फुटलेल्या पेशींच्या भिंतीच्या तुकड्यांवरही ग्राहक असतातच. नवे फाज त्यांना चिकटतात आणि निकामी होतात. लायसेट (पेशी फुटल्यावरचं फाजचं पाणी) रात्रभर तसाच ठेवून सकाळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं म्हणजे कमावलेलं गमावणं.

क्रम असा: क्लोरोफॉर्म १ टक्का, १० मिनिटं हलवा. डीएनेझ आणि आरएनेझ (डीएनए आणि आरएनए तोडणारी विकरं) मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं. डीएनेझला मॅग्नेशियम लागतं. डीएनेझ टाळलं तर लायसेट शेंबडासारखा राहतो आणि फिल्टर बुजतो. मग मीठ लिटरला ५८.४ ग्रॅम विरघळवा, बर्फात तासभर ठेवा, १०,००० जी ला १० मिनिटं फिरवा. मिठामुळे फाज कचऱ्यापासून सुटतो. वरच्या पाण्यात पीईजी ८००० (फाज खाली बसवणारं पॉलिमर) लिटरला १०० ग्रॅम, ४ अंशांवर रात्रभर. पुन्हा १०,००० जी, १५ मिनिटं. गोळा एसएममध्ये सोडवा, पिपेटने घासू नका, तासभर भिजू द्या. वरचं पाणी टायटर बघितल्याशिवाय फेकू नका. पीईजी नीट विरघळलं नव्हतं तर फाज त्यातच असतो.

क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेट वितळवतो, फिल्टरचा पीईएस मेंब्रेनही खराब करतो. काच किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरा, आणि ज्याला क्लोरोफॉर्म लागला आहे तो लायसेट फिल्टरमधून काढू नका. एम१३ ला क्लोरोफॉर्म देऊच नका. त्याला पेशी फोडाव्या लागत नाहीत. पेशी फिरवून खाली बसवायच्या आणि वरच्या पाण्यात पीईजी ४ टक्के, मीठ ०.५ मोलर. चरबीचं आवरण असलेल्या फाजनाही क्लोरोफॉर्म मारतो.

साठा आणि शेजारी

लायसेटमधून पुढचा लायसेट, त्यातून पुढचा, अशी साखळी लावू नका. एम१३ मध्ये तर तुकडे गाळलेले छोटे जीनोम वेगाने वाढतात आणि पूर्ण फाजला मागे सारतात. प्लाकपासून पाच तासांहून जास्त वाढवू नये हा नियम त्यासाठीच आहे. एक प्लाक तीनदा शुद्ध करा, त्यातून मूळ साठा, मूळ साठ्यातून कामाचा साठा, आणि प्रत्येक बॅच कामाच्या साठ्यातून. यजमानाचंही तेच: १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर कुप्या, दर महिन्याला नवी प्लेट. मूळ कुपीच संशयास्पद असेल तर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी यांसारख्या संग्रहातून नवी मागवा. पंधरवडा जाईल, पण शंका संपेल.

फाज न घातलेलं कल्चरच दोन तासांनी साफ होऊ लागलं, तर पाहुणा फाज घरात आहे. टी१ वर पहिला संशय घ्या. तो वाळला तरी मरत नाही, हवेतल्या तुषारांतून पसरतो आणि एकदा शिरला की शेजारच्या क्लोनिंगवाल्यांनाही छळतो. फाज न घातलेला एक नियंत्रण फ्लास्क प्रत्येक बॅचसोबत ठेवायचा तो यासाठी. फक्त ७० टक्के अल्कोहोलने पुसून भागत नाही, ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, १५ मिनिटं, मग पाण्याने नीट धुणं. धुणं विसरलात तर उरलेलं क्लोरीन पुढच्या बॅचचा फाज मारतं. लायसेटच्या सेंट्रिफ्यूज बाटल्या, पिपेट आणि टिपांचे डबे वेगळे ठेवा, आणि दिवसाच्या कामाचा क्रम कोऱ्या पेशी आधी, फाज शेवटी असा लावा.

तयार साठा एसएममध्ये ४ अंशांवर, काचेच्या बाटलीत, तळाशी क्लोरोफॉर्मचा थेंब ठेवून, महिनोन्‌महिने टिकतो. ग्लिसरॉलशिवाय टी४ गोठवू नका. बाटलीवर तारीख, यजमान आणि मोजलेला टायटर लिहा, आणि तीन महिन्यांहून जुन्या साठ्यातून संसर्ग करण्याआधी तो आकडा पुन्हा काढा.